चढाआधीचा चहा

सरकारी नियमाप्रमाणे ‘व्हिंटेज’ म्हणवून घ्यायला गाडीला वयाची पन्नाशी गाठावी लागते. आमची गाडी २००६ची. म्हणजे नियमावर बोट ठेवलं तर आमच्या घरात व्हिंटेज एकटा मीच. (बायको माझ्याहून दोनच वर्षांनी लहान आहे, पण ते वाक्य मी पूर्ण केलं नाही.) तरी विजेच्या गाड्यांचं वय माणसांसारखं मोजू नये, मांजरांसारखं मोजावं, असं माझं मत झालंय. त्या हिशेबाने आमची रेवा पणजीबाई आहे.

रेवा मूळची बंगळूरची. चेतन मैनी आणि मंडळींनी २००१ मध्ये ती रस्त्यावर आणली, तेव्हा आपल्याकडे विजेवर चालणारी गाडी म्हणजे जत्रेतली, असा समज होता. लांबी जेमतेम अडीच मीटरच्या वर, दारं दोन, बसायला दोन मोठी माणसं आणि मागे दोन मुलं, तीही समजूतदार. हीच गाडी लंडनमध्ये जी-विझ नावाने विकली गेली. तिथे गर्दीच्या भागात शिरायचा कर तिला माफ होता, म्हणून लोक तिला हसत हसत विकत घेत. आपल्याकडे लोक हसले, पण घेतली मात्र थोड्यांनीच.

मी बँकेतून निवृत्त झाल्यावर घेतली. विकणारे गृहस्थ बंगळूरचे, बोलायला मोठे गोड. “बॅटरीज आत्ताच बदलल्यात,” म्हणाले. दक्षिणेकडचा ‘आत्ता’ किती लांब असतो, हे मला नंतर कळलं. नवी असताना ही गाडी एका चार्जमध्ये ८० किलोमीटर जायची. बंगळूर ते पुणे साधारण साडेआठशे. म्हणजे अकरा मुक्काम. आळंदीहून पंढरपूरला चालत जाणाऱ्यांचंही गणित याहून बरं असतं. शेवटी आमची पालखी ट्रकमधून आली.

पहिल्या दिवशी ती बावीस किलोमीटर चालली आणि थांबली. बॅटऱ्यांचा नवा संच गाडीच्या किमतीपेक्षा महाग पडला. घोड्यापेक्षा खोगीर महाग, असं शेजारच्या काकांनी जिन्यात ऐकवलं. नंतरही बऱ्याचदा ऐकवलं.

संच म्हणजे सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या, शिसं आणि आम्लाच्या, पुढच्या सीटांखाली. वजन अडीचशे किलोंच्या वर. प्रत्येकीत तीन घरं, म्हणजे झाकणं चोवीस. या चोवीस तोंडांना डिस्टिल्ड वॉटर पाजणं हा माझा दर रविवारचा कुळाचार आहे. दर वेळी लागत नाही, पण झाकण उघडून पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. पहिल्याच रविवारी मी घागर रिकामी करावी तसं काठोकाठ पाणी भरलं आणि मग चार्जिंगला लावलं. चार्ज होताना आतलं द्रावण वर चढतं, म्हणून पाणी चार्जिंगनंतर घालायचं असतं, हे मला पोर्चमधल्या शहाबादी फरशीने शिकवलं. तिच्यावर फेस आला. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड, त्यावर आम्ल सांडल्यावर दुसरं काय होणार! ही आतून खायच्या सोड्याचा डबा घेऊन आली, फरशीवर मूठभर भुरभुरला आणि म्हणाली, “ढोकळा तेवढा करू नका.” सोड्याने आम्ल मारलं. फरशीवरचा पांढरा डाग अजून आहे.

“तुळशीला कधी एवढं पाणी घातलंत?” असं तिने विचारलं तेही त्याच दिवशी.

बँकेची सवय जात नाही. हायड्रोमीटरने प्रत्येक घराची घनता मोजून मी वहीत उतरवतो. भरलेलं घर बाराशे साठच्या आसपास दाखवतं. तेवीस घरं शहाण्यासारखी वागतात. सतराव्या घराचा आकडा बाराशे दहाच्या वर जायला तयार नव्हता. आता कुणी म्हणेल, चोवीसातलं एक, त्यात काय एवढं? पण ही सगळी घरं एकामागोमाग एक जोडलेली. एकच चेक चोवीस खिडक्यांवरून फिरवायचा असेल तर सगळ्या शाखेचा वेग सतराव्या खिडकीवरच्या माणसाचा. अशा माणसाशी कसं वागायचं हे मी छत्तीस वर्षं शिकलोय. त्याला ओरडायचं नाही. वेगळं बसवून, हळूहळू, थोडं जास्त चार्ज करायचं. आज तो बाराशे तीसला आहे. मी कुणाला सांगितलं नाही, पण वहीत त्या आकड्याभोवती लाल गोल केला.

गाडी बाळगायला बाकी फार त्रास नाही. गिअर नाही, क्लच नाही, ऑइल नाही. बाहेरचे पत्रे मुळी पत्रेच नाहीत, प्लॅस्टिकचे आहेत. सोसायटीतल्या पोरांचा टेनिस बॉल दारावर आदळतो आणि खजील होऊन परत जातो. आरसीचं नूतनीकरणही फुकट, कारण २०२१ मध्ये बॅटरीवरच्या गाड्यांना ती फी माफ झाली. अडचण फक्त नंबरपाटीची. विजेच्या गाड्यांना हिरवी पाटी आली २०१८ मध्ये, आमच्या पणजीबाई त्याआधीच्या, पांढऱ्या पाटीवाल्या. एका चौकात हवालदाराने अडवलं. “पीयूसी?” मी म्हटलं, धूरच निघत नाही. तो मागे गेला, खाली वाकला, सायलेन्सर शोधला, पुढे आला, परत मागे गेला. मग गंभीरपणे म्हणाला, “काका, चोरीला गेलाय.”

या गाडीने मला पुणं नव्याने शिकवलं. चाळीस वर्षं मी पौड रस्त्याने डेक्कनला जातोय, पण तो रस्ता उतरतो हे मला ठाऊकच नव्हतं. जाताना चार्जचा काटा हलत नाही, येताना धपकन खाली येतो. उतारावर ब्रेक मारला की थोडी वीज बॅटरीत परत येते म्हणतात. येते. रद्दी विकून घरखर्च भागतो तितपत.

हिची बहीण बावधनला राहते, म्हणजे चांदणी चौकाचा चढ चुकत नाही. पहिल्यांदा निम्म्या चढावर गाडीने मान टाकली. दोघांनी मिळून ती कडेला ढकलली, मागे हॉर्नची भजनं चालू होती. मग चढाच्या पायथ्याशी मागे येऊन टपरीवर चहा घेतला. अर्ध्या तासाने बटण फिरवलं तर पणजीबाई चालू! बॅटरीतून जोर लावून वीज ओढली की प्लेटांजवळचं आम्ल पातळ होतं, आणि लांबचं आम्ल तिथवर यायला वेळ लागतो. थांबलं की ते आपसूक येतं. मी हे सगळं हिला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग चहा आधीच घेतला असता तर ढकलावी लागली नसती.”

तेव्हापासून चहा आधी. टपरीवाल्याला आता सांगावं लागत नाही. आमच्या गाडीचा आवाज येत नाही, त्यामुळे ती दिसेपर्यंत त्याला कळत नाही, पण दिसली की तो आधी दोन कप भरतो, त्यातला एक बिनसाखरेचा, आणि मग दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळतो.