काळेभोर भाऊ

साठी उलटलेल्या माणसाच्या डोक्यावर एकही पांढरा केस नाही, पण कानाच्या पाळीवर मात्र काळा डाग आहे, तर तो भाऊ समजावा. असे भाऊ गावोगावी असतात. लोणार तालुक्यातल्या आमच्या बीबीत हमरस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलात, तर दोन-तीन तरी हमखास भेटतील. त्यातल्या एकाचं नाव घेतलं तर तो रागावेल आणि बाकीचे खूश होतील. म्हणून इथे सगळ्यांचा मिळून एकच भाऊ केला आहे.

भाऊंचं वय गावात लपणं शक्यच नाही. त्यांचे शाळासोबती पांढऱ्या मिशा घेऊन पारावर बसलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 'हा माह्या वर्गातला' म्हणून सांगतात. धाकटा भाऊ पांढरा झाला, थोरल्या मुलाच्या कानशिलांवर पांढरं डोकावू लागलं, नातू कॉलेजात गेला, भाऊ काळेच. त्यांची अपेक्षा फार मोठी नाही. बाहेरगावी कुणी 'बाबा' म्हणू नये, एवढीच. 'भाऊ' म्हणावं, फार तर 'काका'.

कलपाचा दिवस रविवार. जुनी बनियन, प्लास्टिकची वाटी, निवृत्त झालेला दातांचा ब्रश आणि खिडकीच्या गजाला अडकवलेला आरसा अशी सगळी मांडामांड होते. वाटी प्लास्टिकचीच का, हे भाऊ प्रत्येकाला समजावून सांगतात: डेव्हलपरमधल्या पेरॉक्साइडचं धातूशी जमत नाही. मेंदी लोखंडी कढईत भिजवतात, कलप नाही. कपाळाच्या कडेनं व्हॅसलिनचं बोट फिरतं. पुढचं डोकं भाऊ स्वतः रंगवतात. मागचं वहिनींकडे.

"मागं राह्यलं का कुठं?"

"मागचं कोण पाहते तुमचं?"

"कायले, एसटीत मागच्या सीटवरचा पाहते ना!"

मग डोक्याला प्लास्टिकची पिशवी बांधून भाऊ ओसरीवर बसतात, आणि नेमकं तेव्हाच कुणीतरी लग्नाची पत्रिका घेऊन येतं. पाहुणा पिशवीकडे बघत नाही आणि भाऊ पिशवीबद्दल बोलत नाहीत. सोयाबीनचा भाव, पाऊस, मुलीकडच्यांचं गाव असं सगळं निवांत होतं. चहा येतो, तो पिऊनही पाहुणा हलत नाही. भाऊंच्या टाळूला चुणचुण सुटते, पण खाजवायची सोय नसते. रंग जेवढा चढायचा तेवढा अर्ध्या तासात चढलेला असतो. पुढे चढते ती नुसती आग. हे पुडीच्या पाठीमागे छापलेलं असतं, पण पत्रिका घेऊन येणाऱ्यानं ते वाचलेलं नसतं.

विज्ञानावर भाऊंचा भरवसा आहे. १९०७ साली पॅरिसमध्ये यूजीन श्युलर नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञानं कृत्रिम कलप तयार केला आणि दोन वर्षांनी त्यावर कंपनी काढली, तीच आजची लॉरेआल. ही गोष्ट भाऊ ज्या अभिमानानं सांगतात, त्यावरून श्युलर सिंदखेडराजाकडचाच कुणी असावा असं ऐकणाऱ्याला वाटतं. अमोनिया केसावरचे खवले उघडतो, रंगाचे बारीक रेणू आत शिरतात, तिथेच पेरॉक्साइडमुळे एकमेकांना जोडून मोठे होतात आणि मग बाहेर पडू शकत नाहीत, हेही त्यांना पाठ आहे. फक्त एका ठिकाणी त्यांचं विज्ञान अडखळतं. काळी मेंदी ही झाडपाल्याची असते, असं ते छातीठोकपणे सांगतात. मेंदीचं पान केसाला लालच करतं. नुसत्या पाल्यानं काळं व्हायचं, तर मेंदीवर निळीच्या पानांची पूड चढवावी लागते. बाजारच्या काळ्या मेंदीत बहुधा तेच पॅराफेनिलीनडायमाईन असतं, जे कलपात असतं. कुणाकुणाला त्याची ॲलर्जी होऊन डोळे सुजण्याची पाळी येते. म्हणून दोन दिवस आधी कानामागे थोडंसं लावून पाहायचं असतं. भाऊंना हे सुचवलं, तर उत्तर तयार: "कानामागं कायले? कानावर तर दर खेपेले लागतेच!"

लावण्यापेक्षा टिकवण्याचा व्याप मोठा. पहिले दोन दिवस शाम्पू बंद. कढत पाणी कायमचं बंद, कारण त्यानं खवले उघडतात आणि रंग वाहून जातो. बोअरचं पाणी जड, त्यात साबणाला फेस येत नाही आणि केस राठ होतात. म्हणून भाऊंनी तोड काढली आहे: शेवटचे दोन तांबे जारच्या पाण्याचे. घरातली माणसं बोअरचं पाणी पितात, भाऊंचं डोकं फिल्टरचं. वहिनींनी यावर आता बोलणं सोडलं आहे. त्या फक्त उशीची खोळ काळी शिवतात.

उन्हानं रंग उडतो, म्हणून भाऊ घराबाहेर पडताना डोक्याला दस्ती गुंडाळतात. शेतात दस्ती, बाजारात दस्ती, मोटारसायकलवर दस्ती. इतक्या कष्टानं काळे केलेले केस गावाला दिसतात ते फक्त सूर्य मावळल्यावर.

एवढं करूनही तिसऱ्या आठवड्यात कानशिलं तांबूस होतात आणि भांगातून पांढरी रेघ निघते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. त्याला भाऊंच्या भावनांशी देणंघेणं नाही. रंग बदलण्यात भाऊ एकटे नाहीत; जून २०२० मध्ये आमच्या तालुक्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासणी करून खाऱ्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांकडे बोट दाखवलं. पुढे पाऊसपाण्यानं सरोवराचा रंग पुन्हा पहिल्यासारखा झाला. भाऊंची कानशिलं मात्र पुढच्या रविवारपर्यंत तांबूसच राहतात.

भाऊंची खरी परीक्षा एसटीत होते. ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट आहे, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास फुकट. मेहकरच्या गाडीत भाऊ कंडक्टरच्या कानाशी वाकून हळूच म्हणतात, "एक हाफ."

कंडक्टर बाई त्यांच्या डोक्याकडे पाहतात. "कोणाचं?"

"माह्यं."

"भाऊ, आधार दाखवा."

'भाऊ' हा शब्द ऐकून त्यांना जो आनंद होतो, तो कार्ड काढेपर्यंत टिकतो. बाई जन्मसाल मोठ्यानं वाचतात, अर्धं तिकीट फाडतात आणि म्हणतात, "बसा बाबा." पैसे वाचवायचे तर वय कबूल करा आणि वय वाचवायचं तर पैसे मोजा, असा हा पेच. भाऊ दर खेपेला पैसे वाचवतात.

जानेवारी २०२५ मध्ये मात्र ते खरे हादरले. घाटाखाली शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस चार दिवसांत पुंजक्यांनी गळायला लागले. लेकराबाळांची, बायाबापड्यांची डोकी उघडी पडली. पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरची पथकं आली, टीव्हीवाले आले. आम्ही घाटावरचे, तरी भाऊ रोज सकाळी कंगवा उजेडात धरून पाहत. त्या दिवसांत त्यांनी कलपाला हात लावला नाही आणि गजानन महाराजांना शब्द दिला की केस राहू दे, कोणत्याही रंगाचे राहू दे. काही महिन्यांत डोकं, फुटलेल्या बोंडांच्या कपाशीसारखं, पांढरं झालं. आणि खरं सांगायचं तर भाऊ रुबाबदार दिसू लागले. पारावरच्या सोबत्यांनी जागा सरकवून दिली. गल्लीतल्या एका भांडणात दोन्ही बाजूंनी त्यांना पंच नेमलं. काळ्या केसांना हा मान कधी मिळाला नव्हता.

पुढच्याच आठवड्यात साळ्याच्या मुलाच्या लग्नाची तारीख निघाली, आणि रविवारी खिडकीच्या गजाला आरसा लागला.

तेव्हा बीबीवरून जाताना चहाला थांबलात आणि टपरीवर असा काळाभोर गृहस्थ दिसला, तर त्याला खुशाल 'भाऊ' म्हणा. त्यात तुमचं काही जात नाही. मात्र त्याचं पाहून घरी कलप लावणार असाल, तर दोन दिवस आधी कानामागे थेंबभर लावून पाहा, अंगावर जुनी बनियन घाला आणि दाराला आतून कडी लावा.