स्टेशनपासून पाच मिनिटं

मुंबईत राहायला येणारा माणूस आधी वस्ती निवडायला निघतो, हा त्याचा भोळेपणा. इथे आधी ठरते लाइन: पश्चिम, मध्य की हार्बर. पुढचं सगळं खिसा ठरवतो. दादरला जागा बघायला सुरुवात करावी, मुलुंडला सुस्कारा सोडावा, ठाणं ओलांडल्यावर ‘इकडे हवा फार छान’ असं नातेवाइकांना कळवावं आणि बदलापूरला डिपॉझिट भरून मोकळं व्हावं.

एजंटची ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ बहुधा रात्री दोन वाजता, रिकाम्या रस्त्यावर मोजलेली असतात. तो हवा-उजेडाचं कौतुक करतो, पाण्याची वेळ सांगत नाही. घरमालकाला मात्र सगळं हवं असतं: लग्न झालंय का, पाहुणे किती येतात, मासे खाता का? (कोळ्यांच्या गावात बोंबील पिशवीत लपवून आणायचे!) एवढी पत्रिका जुळवून करार होतो 11 महिन्यांचा. वाणी उधार देऊ लागतो तोवर टेम्पो दारात.

ज्यांचा खिसा जड, त्यांची तऱ्हा निराळी. 1982 च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकेक करून थंडावल्या, तिथे टॉवर उगवले आणि विकणाऱ्यांनी लोअर परळचं ‘अप्पर वरळी’ करून टाकलं. कामगार हयातभर जिथे राहिला ती जागा एवढी उच्चभ्रू होती, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तिथे घर बघायला गेलात तर एवढं विचारून घ्या: जुन्या चिमणीकडे तोंड असलेल्या फ्लॅटला जादा पडतात का?