अगस्तींनी दलाली घेतली नव्हती

कुटुंबकबिला घेऊन नाशकात आलेला आणि राहायचं कुठे या प्रश्नाने गांजलेला मी पहिला नव्हे. माझ्याआधी प्रभू रामचंद्र येऊन गेले. त्यांनी अगस्ती ऋषींना जागा विचारली, ऋषींनी पंचवटी सुचवली. पाणी जवळ, कंदमुळं मुबलक. अगस्तींनी दलाली घेतल्याचं वाल्मीकींनी कुठे लिहिलेलं नाही. पोहोचल्यावर राम म्हणाले, "लक्ष्मणा, जागा तू निवड." लक्ष्मण म्हणाला, "तुम्हीच सांगा, मी बांधतो." आमच्याकडेही हाच संवाद रोज चालला, फक्त बांधणारं कुणी नव्हतं. शेजारपाजाऱ्यांची चौकशी मात्र त्यांच्याकडून राहून गेली. खर-दूषणांची चौदा हजारांची सोसायटी जवळच निघाली, आणि शूर्पणखा तर बोलावल्याशिवायच आली.

माझी बदली सातपूरला झाली होती. बायकोला शाळा जवळ हवी होती, मुलाला क्रिकेटचं मैदान आणि अण्णांना स्टेशन. अण्णा म्हणजे माझे वडील. जन्म डोंबिवलीत गेलेला माणूस. स्टेशनपासून चालत किती, यावरच ते घराची लायकी ठरवतात. नाशकात पाऊल टाकताच त्यांनी एजंटला विचारलं, "हे ईस्टला येतं की वेस्टला?" एजंट बिचारा गंगापूर रोडवर उभा होता. त्याने सूर्याकडे बघितलं.

"अण्णा, स्टेशन नाशिकरोडला. इथून आठ-दहा किलोमीटर."

"म्हणजे गावाला स्टेशनच नाही!"

मग नाशिकरोड बघून झालं. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. हा शेजार अण्णांना फार आश्वासक वाटला. पण तिथून सातपूर म्हणजे रोज द्वारका चौक ओलांडायचा, आणि तो चौक ओलांडायला मला वेगळी रजा टाकावी लागली असती.

एजंटची भाषा हळूहळू कळू लागली. 'पाच मिनिटांवर' म्हणजे पहाटे, त्याच्या स्कूटरवरून. 'सेमी फर्निश्ड' म्हणजे पंखा आहे. 'गोदावरी व्ह्यू' होता, पण न्हाणीघराच्या खिडकीतून आणि बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिल्यावर. तिथेच बायकोने पुराचं विचारलं. नाशिककर पूर फुटांत मोजत नाहीत, रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर मोजतात. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला. "वहिनी, छातीपर्यंत आपल्याला काही टेन्शन नाही," एजंट म्हणाला.

"आणि गळ्यापर्यंत आलं तर?"

"मग सगळेच बघायला येतात. तुम्हाला घरातूनच दिसेल."

पंचवटीतली एक जागा खरोखर चांगली होती. काळाराम मंदिर जवळ, भाजीबाजार जवळ. पण बायकोने सिंहस्थाचा हिशेब मांडला. मागचा २०१५ साली झाला, बारा वर्षांनी पुढचा. रामकुंडापाशी घर आहे म्हटल्यावर ज्यांनी आमच्या लग्नाला यायचं टाळलं, तेही पर्वणीला गाद्या मागत येणार. पंचवटी बाद. मला हे पटलं. पुरापेक्षा नातेवाइकांचा भरवसा कमी, पाणी निदान ओसरतं.

शेवटी इंदिरानगरात एक घर सगळ्यांना थोडंथोडं नापसंत पडलं, म्हणजे जमलं. अकरा महिन्यांचा करार, दोन महिन्यांचं डिपॉझिट. घरमालक आणि त्यांच्या सौभाग्यवती समोर बसून आमची मुलाखत घेत होते. गोत्र सोडून सगळं विचारून झालं. मग मालकीणबाईंनी खालच्या आवाजात विचारलं, "नॉनव्हेज?"

मी 'कधीतरी' म्हणणार, तोच अण्णा बोलले, "छे छे, रोज नाही. बुधवार, शुक्रवार, रविवार."

एजंटने डोळे मिटून घेतले. मालकीणबाई काही न बोलता चहाचं बघायला आत गेल्या. आता चहा पिऊन उठायचं, हे आम्ही धरून चाललो. तेवढ्यात मालक सोफ्यावरून पुढे सरकले, स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर टाकली आणि कुजबुजले, "तुमचं मुंबईला जाणंयेणं असतं?"

"असतं की. धाकटा डोंबिवलीलाच आहे," अण्णा म्हणाले.

"मग येताना पापलेट आणाल? इथे मनासारखं मिळत नाही हो. हिला कळू न देता."

"संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने आणतो," अण्णांनी शब्द दिला आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे वळले, "तरी मी सांगत होतो, घर स्टेशनजवळ घ्या!"