चार बैलांची बाई

मॅडलिन मिलरची ‘सर्सी’ आणि पॅट बार्करची ‘द सायलेन्स ऑफ द गर्ल्स’ या दोन्ही कादंबऱ्या २०१८ साली आल्या. त्यानंतर अरियाड्नी, इलेक्ट्रा, मेडूसा, क्लायटेम्नेस्ट्रा अशी ग्रीक पुराणांतल्या बायकांची रांगच लागली. वाचक ही पुस्तकं रात्र जागून वाचतात आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. ‘अभिजात काव्यांची मोडतोड चालली आहे’ असं कुरकुरणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: मूळ काव्य उघडा.

‘इलियड’चा एकोणिसावा सर्ग काढा. अकिलीस आणि अगामेम्नॉन यांचं भांडण जिच्यावरून पेटलं ती ब्रिसीस इथे बोलते. पंधरा हजारांहून जास्त ओळींच्या काव्यात ती एकदाच बोलते, आणि तेही अकिलीसचा जिवलग मित्र पॅट्रोक्लस याच्या प्रेतावर पडून. नवरा डोळ्यांदेखत मारला गेला, तीन भाऊ गेले. ज्या अकिलीसनं नवऱ्याला मारलं, त्याच्याशीच तुझं रीतसर लग्न लावून देतो, अशी पॅट्रोक्लस तिची समजूत घालायचा. एवढा तिला मिळालेला आधार! तिचं बोलणं संपतं आणि होमर सांगतो की भोवतीच्या बायका रडू लागल्या. निमित्त पॅट्रोक्लसचं होतं, रडत होती प्रत्येकजण आपापल्या दुःखासाठी. बार्करची अख्खी कादंबरी या एका जागेत दडलेली होती. तिनं मोडतोड केली नाही, तिथं कान लावला.

युरिपिडीसनं तर इसवीसनपूर्व ४१५ मध्येच ट्रॉयच्या बंदिवान बायका अथेन्सच्या रंगभूमीवर आणून उभ्या केल्या. त्याच्या काही महिनेच आधी अथेन्सनं मेलॉस बेटावरचे पुरुष कापून बायकामुलांना गुलाम केलं होतं. तेव्हा बायकांच्या बाजूनं ही कथा सांगणं हे आजचं फॅड आहे, हा आरोप इतिहासालाच धरून नाही.

माझं भांडण वेगळं आहे. दुर्लक्षित बाईची गोष्ट म्हणून आपल्या हाती जी पुस्तकं ठेवली जातात, त्यांतल्या बहुतेकजणी राण्या, राजकन्या नाहीतर देवता आहेत. क्लायटेम्नेस्ट्रा कधी गप्प होती? एस्किलसच्या नाटकात नवऱ्याला, त्याच अगामेम्नॉनला, मारून ती सगळ्या नगरासमोर ताठ मानेनं बोलते. तिच्या पायाशी दुसरं प्रेत पडलेलं असतं ते कॅसँड्राचं. ट्रॉयहून बटीक म्हणून ओढून आणलेल्या या मुलीलाही क्लायटेम्नेस्ट्रानंच मारलं. पोटच्या मुलीचा बळी दिला गेला म्हणून पेटून उठलेली आई मला समजते. पण तिला नायिका करताना या दुसऱ्या प्रेतावरून पाय टाकून पुढे जाणारी कादंबरी मला चालत नाही.

आणि कॅसँड्राही राजकन्याच. तिच्या खाली कोण?

‘इलियड’च्या तेविसाव्या सर्गात ग्रीकांच्या छावणीत कुस्ती लागते. जिंकणाऱ्याला बक्षीस चुलीवर चढवायचं तीन पायांचं भांडं, किंमत १२ बैल. हरणाऱ्याला बक्षीस एक बाई, अनेक कामांत हुशार, किंमत ४ बैल. तिला नाव नाही, गाव नाही. तीन भांडी मिळावीत तर नऊ बायका द्याव्या लागतील, हा त्या छावणीतला भाव. एवढ्या कादंबऱ्या आल्या, हिची कुठे आहे?

‘ओडिसी’त ओडिसियसच्या घरी पन्नास दासी. बाविसाव्या सर्गात तो आपल्या बायकोवर, पेनेलोपीवर, टपलेल्या पुरुषांना तोंडावर सांगतो की तुम्ही माझ्या दासींवर जबरदस्ती केलीत. त्याच सर्गात, पुरुष मारून झाल्यावर, त्यांच्याशी संग केला म्हणून बारा दासींना प्रेतं उचलायला लावतात, रक्तानं भरलेली टेबलं-खुर्च्या स्पंजानं पुसून घेतात आणि मग एका दोरावर फाशी देतात. जबरदस्ती झाली हे मालकाच्या तोंडून आलेलं आहे, तरीही शिक्षा दासींना. मार्गारेट ॲटवूडनं २००५ सालच्या ‘पेनेलोपियाड’मध्ये या बाराजणींना बोलतं केलं, आणि पेनेलोपीलाही सोडलं नाही. ही हिंमत मला नंतरच्या रांगेत फारशी दिसत नाही.

माझं मन सगळ्यांत जास्त अडकतं ते विसाव्या सर्गात. राजवाड्यात बाराजणी दळायला बसतात. अकराजणी आपलं दळण उरकून झोपल्या आहेत. बारावी सगळ्यांत अशक्त, तिचं अजून संपलेलं नाही. ढग नसताना गडगडाट ऐकून ती हातातलं काम थांबवते आणि देवाला म्हणते, या टपून बसलेल्या पुरुषांसाठी पीठ काढून काढून माझे गुडघे गेले, आजचं जेवण यांचं शेवटचं ठरू दे. बाहेर ओडिसियस ते ऐकतो आणि शुभशकुन झाला म्हणून खूश होतो. तिच्या गुडघ्यांबद्दल एक शब्द नाही.

मराठी वाचकाला हिची ओळख करून द्यावी लागत नाही. दळणाऱ्या बाईच्या तोंडून काव्य येतं हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगाव फिरून गोळा करवलेल्या जात्यावरच्या ओव्या एक लाखाहून अधिक आहेत. त्यांत सीतेचा वनवास आहे आणि तो सांगणारी स्वतः पीठ काढते आहे. सीता राणी असली तरी ओवी तिला आपल्या जात्याशी आणून बसवते. ग्रीक कथांच्या नव्या लेखिकांकडे मी मागते आहे ते हेच.

त्या बारावीचं मागणं त्याच दिवशी पूर्ण झालं. पुरुष मेले, मालक घरी आला. पण मालकाच्या घरालाही रोज भाकरी लागतेच. दुसऱ्या सकाळी दळायला कोण बसलं, फाशी गेलेल्यांच्या वाटणीचं काम कुणाच्या अंगावर पडलं, त्या गुडघ्यांचं पुढे काय झालं, हे होमर सांगत नाही. ही कादंबरी कुणी लिहिली, तर आल्या दिवशी विकत घेऊन वाचेन.