२३० जीबी पाणी

माझ्या आत्याच्या मते मला बिरबलाच्या गोष्टीतली नोकरी लागली आहे. लाचखाऊ अंमलदाराला बादशहा नदीकाठी लाटा मोजायला बसवतो, तर हा पठ्ठ्या "तुमच्या नावेमुळे लाट मोडली, मोजणी बिघडली" म्हणत नावाड्यांकडून चिरीमिरी उकळतो, ती गोष्ट. "त्याला निदान वरकमाई तरी होती," आत्या म्हणते. "तू आपली नुसतीच मोजतेस."

आत्याचं फार चुकत नाही. सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर बसून मी कॉम्प्युटरमध्ये लाटा उठवते आणि मग त्या मोजते. समुद्र इथून शंभरेक किलोमीटर लांब आणि साडेपाचशे मीटर खाली. पण याच रस्त्याने पुढे गेलं की खडकवासल्याला केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथे बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत खऱ्या पाण्याच्या लाटा सोडतात. संस्था १९१६ची. म्हणजे पुण्याला समुद्र नसला, तरी समुद्राबद्दल मत शंभर वर्षांहून अधिक काळ आहे.

गेल्या वर्षी कोकणातल्या एका धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं काम आलं. प्रश्न एका ओळीचा होता: पावसाळ्यात लाट बंधाऱ्यावर किती उंच चढेल? उत्तरासाठी मी २०० मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ८ मीटर खोल पाण्याचा हौद कॉम्प्युटरात भरला. हिशेब केला तर ते दहा हजार लिटरच्या ९६० टँकरांचं पाणी होतं. आमच्या सोसायटीत मे महिन्यात दिवसाला दोन टँकर येतात आणि त्यावरून जिन्यात भांडणं होतात. मी मात्र माऊसच्या एका टिचकीवर सोसायटीची सव्वा वर्षाची सोय करून मोकळी.

हौदाचे वीस लाख चौकोनी खण पाडले. २० मिनिटांच्या वादळी लाटा मोजायला ६४ प्रोसेसर पाच दिवस राबले. लोकांना वाटतं काम इथे संपलं. स्वयंपाक झाला, आता पानं वाढायची तेवढी. प्रत्यक्षात आमच्या धंद्यात स्वयंपाक पाच दिवस चालतो आणि वाढायला सहा आठवडे लागतात. या वाढपाला पोस्ट-प्रोसेसिंग म्हणतात.

पहिली अडचण अशी, की कॉम्प्युटरातल्या पाण्याला पृष्ठभागच नसतो. हर्ट आणि निकोल्स या दोघांनी १९८१ साली मांडलेली पद्धत आम्ही वापरतो. तिच्यात प्रत्येक खणाला एक आकडा असतो, शून्य ते एक. एक म्हणजे खण पाण्याने भरलेला, शून्य म्हणजे नुसती हवा. मधले आकडे म्हणजे आमच्या दूधवाल्याचं दूध. त्यात पाणी आहे हे त्यालाही ठाऊक असतं आणि आम्हालाही, प्रश्न फक्त किती याचा. मग आम्ही ठरवतो की जिथे आकडा अर्धा येईल तिथे पाण्याचा पृष्ठभाग मानायचा. 'मानायचा' हे क्रियापद रिपोर्टात कधी येत नाही. तिथे 'पृष्ठभाग आढळला' असं लिहितात.

दुसरी अडचण फायलींची. दर सेकंदाचं पाणी साठवलं, म्हणजे १२०० क्षण. प्रत्येक क्षणी ६४ प्रोसेसर आपापलं फोल्डर वेगळं मांडतात, वाटण्या झालेल्या भावांसारखे. झाली ७६,८०० फोल्डरं. प्रत्येकात वेग, दाब, पाण्याचा अंश, खळबळीचा हिशेब अशा आठ फायली. एकूण सहा लाख चौदा हजार चारशे फायली आणि २३० जीबी जागा. सर्व्हर सांभाळणारा मुलगा वरच्या मजल्यावरून खाली आला. तो खाली येत नाही, फोन करतो. त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे लगेच कळलं. "मॅडम, नक्की काय साठवलंय?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "पाणी."

आणि एवढं साठवून नेमकं हवं ते नव्हतंच. लाट मोजायला हौदात जागोजागी गेज रोवायचे असतात, म्हणजे त्या ठिकाणी पाणी किती वर आलं ते सेकंदातून वीस वेळा टिपून ठेव, असं आधीच सांगून ठेवायचं असतं. हे सगळं मिळून काही एमबींचं काम. ते सांगायला मी विसरले. माझ्याकडे दर सेकंदाला एक फोटो होता, आणि लाट आठ सेकंदांची. लाटेचा माथा दोन फोटोंच्या मधोमध येऊन गेला तर साध्या गोलसर लाटेचीही उंची आठेक टक्के कमी भरते. बंधाऱ्यावर आपटून उडणारं पाणी तर क्षणभरच वर टिकतं. घरातल्या कार्यात फोटोग्राफरला हजारभर फोटो काढायला लावावेत आणि नेमकी आजी प्रत्येकात डोळे मिटून असावी, तशी गत. पुन्हा पाच दिवस ६४ प्रोसेसर. साहेबांना मी "परिणामांची फेरतपासणी सुरू आहे" असं कळवलं.

तोवर पहिल्या खेपेची चित्रं तरी करून ठेवू म्हणून पॅराव्ह्यू उघडलं. हे सॉफ्टवेअर घडवण्यात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेचा हात आहे, जिथे अणुबॉम्ब झाला तीच. माझा बंधारा म्हणजे त्याच्यापुढे किस झाड की पत्ती. पॅराव्ह्यूला काहीही सांगितलं तरी 'अप्लाय' दाबेपर्यंत ते ढिम्म हलत नाही. अर्ज दिल्याशिवाय दखल घ्यायची नाही, हे तत्त्व मला ओळखीचं वाटलं.

वेग दाखवायला निळ्यापासून लालपर्यंत रंग दिले. लाटा सुंदर निळ्या आल्या, आणि त्यांच्या माथ्यावर हवेत लालभडक ज्वाळा. पाणी आणि हवा यांच्या सीमेवर घनतेचा फरक जवळपास आठशेपट असतो. तिथे गणित अडखळतं आणि हवेला नसलेला वेग चिकटवतं. या क्षेत्रातला प्रत्येक जण हे जाणतो आणि हवा लपवून मगच चित्र दाखवतो. मी लपवली नाही. शिवाय लाट नीट दिसावी म्हणून उभी उंची पाचपट ताणून ठेवली होती. मीटिंगमध्ये पडद्यावर जे अवतरलं त्याला पेटलेली त्सुनामी याहून दुसरा शब्द नाही. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. "हे लाल काय आहे?" मी खरं ते सांगितलं, की ते खोटं आहे. "मग निळं खरं आहे ना?" हा प्रश्न अजूनही मला अधूनमधून रात्री ऐकू येतो.

दुसऱ्या खेपेला मी गेज रोवले. प्रत्येक गेजपाशी सर्वांत उंच ओला खण शोधायचा प्रोग्राम लिहिला आणि आकडा आला ११.४ मीटर. बंधारा होता पाच मीटरचा. साहेबांनी शांतपणे विचारलं, "म्हणजे बारा मीटरची भिंत?" कोकणातल्या त्या छोट्या गावाला समुद्र दिसेनासा व्हायची वेळ आली होती. रात्री अकराला तो क्षण शोधून काढला. मोठं करून पाहिलं तर लाट बिचारी खालीच फुटलेली, आणि आभाळात एक एकटा खण ओला. एक शिंतोडा. त्याच्या जिवावर मी सात मीटर भिंत वाढवायला निघाले होते. मग रीत बदलली. सर्वांत उंच थेंब पकडण्याऐवजी त्या उभ्या रेषेतलं सगळं पाणी जमा करून उंची काढली. आता शिंतोड्याला शिंतोड्याएवढंच मत मिळालं. आकडा आला ४.३ मीटर.

अजून परतीच्या लाटांचं उरलं होतं. बंधाऱ्यावर आपटून लाट मागे फिरते, आणि गेजला येणारी नि जाणारी एकत्रच दिसते. मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहून डोकी मोजावीत, पण जेवायला निघालेले कोण आणि हात पुसत परतणारे कोण हे कळू नये, तसं. त्यावर मॅन्सार्ड आणि फुंके यांची १९८० सालची युक्ती आहे. दारात एका ओळीत तीन माणसं उभी करायची, म्हणजे कोण कुठे चाललंय ते ताडता येतं. तीन गेजची वजाबाकी झाली, आणि बंधाऱ्याकडे जाणारी लक्षणीय लाट निघाली २.१ मीटर.

लक्षणीय लाट म्हणजे सगळ्यांत उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. दुसऱ्या महायुद्धात फौजा किनाऱ्यावर उतरवायच्या होत्या, तेव्हा स्वेर्द्रुप आणि मुंक यांनी हे माप चालू केलं. सरावलेला माणूस नुसत्या नजरेने जी उंची सांगतो, तिच्याशी ते साधारण जुळतं. हे मी पुस्तकात वाचलं होतं. काम सुरू होण्याआधी जागा पाहायला गेले होते, तेव्हा जाळं विणत बसलेल्या एका तांडेलकाकांना विचारलं होतं, पावसात इथे लाट केवढी येते? त्यांनी मान वर न करता उत्तर दिलं होतं. ते मी वहीत टिपून घेतलं आणि विसरून गेले. रिपोर्ट पाठवल्यावर वही चाळताना सापडलं: "पुरुषभर. आणि वर हातभर."

सव्वापाच फुटांत दीड फूट मिळवून पाहा.

रिपोर्टात शेवटी दोनच आकडे गेले आणि बंधारा पाच मीटरचाच राहिला. त्या सगळ्या फायलींची डिस्क घरी कपाटात साड्यांखाली पडून आहे. पुसवत नाही, जपवत नाही. कुणाला २३० जीबी पाणी हवं असेल तर खुशाल घेऊन जा. फक्त येताना संध्याकाळी चार ते पाच ही वेळ टाळा. तेव्हा फाटकात टँकर उभा असतो आणि गाडी आत येत नाही.