भांडाराचे ग्रेडर

यवतमाळला पाहुणा आला की लोक त्याला कळंबच्या चिंतामणीला नेतात, सुट्टी मोठी असली तर टिपेश्वरला वाघ दाखवायला नेतात. आमचे काकाजी त्याला ग्राहक भांडार दाखवतात. वाघ दिसेलच याची खात्री नसते, भांडाराचा मॅनेजर मात्र हमखास जागेवर सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

काकाजी कापूस पणन महासंघातून ग्रेडर म्हणून निवृत्त झाले. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि ग्रेडर नावाच्या माणसाला जिल्ह्यात तहसीलदाराच्या खालोखाल वजन आलं. बंडीतल्या कापसाची मूठ उचलायची, चिमटीत धरून धागा ताणायचा आणि शेतकऱ्याच्या वर्षाचा निकाल एका शब्दात लावायचा. ही सवय पेन्शनीबरोबर कशी सुटेल? आता ते फरशीला ग्रेड देतात, पंख्याला देतात, नव्या जावयालाही देतात. जावई ‘फेअर’ निघाला. ‘कवडी’त गेला नाही, यावर काकू समाधानी आहेत.

भांडाराची फेरी पाटीपासून सुरू होते. पत्र्यावर रंगवलेला नोंदणी क्रमांक, सहकाराचा सप्तरंगी पट्टा, खाली ‘विना सहकार नाही उद्धार’. पाहुण्याने हे सगळं मोठ्याने वाचायचं. मग उंबरठा. “चप्पल काढ अन् पाय ठेवून पाय,” काकाजी पुण्याच्या भाच्याला फर्मावतात, “चिप्सची फरशी आहे. अशी घोटाई आता कोनी करते का?” भाचा अनवाणी उभा राहतो. काकाजी त्याच्या चेहऱ्यावर थंडावा पोचण्याची वाट बघतात.

पुढे छतापासून लोंबणारे लांब दांड्याचे पंखे, सरकत्या काचांची कपाटं, पुडे बांधायच्या सुताचा रीळ, आणि जाळीमागे बसलेला रोखपाल. या जाळीला काकाजींनी ‘सुपर’ ग्रेड दिलेला आहे. त्याहून वर त्यांच्या मते एकच गोष्ट आहे, ती म्हणजे इथली खरेदीची रीत. एका काउंटरवर माल सांगायचा, तिथे कार्बन घालून तीन प्रतींत पावती फाडली जाते. दुसऱ्या खिडकीत पैसे भरून शिक्का घ्यायचा. तिसऱ्या ठिकाणी शिक्का दाखवून माल घ्यायचा. पावशेर जिऱ्यासाठी माणूस तीन सरकारी कचेऱ्या हिंडल्याचं समाधान घेऊन घरी जातो.

जाळीसमोर व्याख्यान असतं. ते इंग्लंडात सुरू होतं. १८४४ साली लँकेशायरातल्या रॉचडेल गावात अठ्ठावीस जणांनी, त्यात बरेच विणकर, पैसा पैसा जमवून दुकान काढलं. लोणी, साखर, पीठ, मेणबत्त्या. माप खरं, व्यवहार रोख, आणि ज्याची जितकी खरेदी, तितका त्याला नफ्यात वाटा. “गिरण्या त्याईच्या, पऱ्हाटी आपली!” काकाजी छातीवर हात ठेवतात. वऱ्हाडच्या कापसाला लँकेशायरने खरं जवळ केलं ते १८६१ला अमेरिकेत यादवी पेटल्यावर; पण ही सतरा वर्षं काकाजी एका दमात गिळतात. मग मुंबईच्या नायगावात १९४८ साली निघालेला अपना बाजार, चीनच्या युद्धानंतर महागाईला आवर घालायला सरकारने देशभर काढलेली ग्राहक भांडारं, १९६६च्या जूनमध्ये रुपयाचं अवमूल्यन आणि जुलैत दिल्लीत उघडलेला सुपर बाजार. इथवर येईतो पाहुणा खुर्ची शोधत असतो.

“काकाजी, साबणाची वडी तरी घ्या एखादी,” काउंटरवरच्या ताई म्हणतात.

“आम्ही पाहाले आलो बाई. घेनं होतच राह्यते.”

घेणं खरोखरच होत राहतं, पण बायपासवरच्या मॉलमध्ये. तिथे गारवा आहे, ढकलगाडी आहे, दोन किलो तुरीच्या डाळीवर चमचा फुकट आहे. कुणी विचारलंच, तर काकाजी सांगतात, “तिथं गाडी लावाले जागा आहे.”

यंदाच्या वार्षिक सभेत संचालकांनी ठराव मांडला: काउंटर काढावेत, मोकळी रॅक लावावीत, गिऱ्हाईकाने हाताने माल घ्यावा. काकाजी भागधारक आहेत. ते उठले. फरशी, पंखे, जाळी, रॉचडेल, सगळं झालं. हा वारसा मोडणाऱ्यांना त्यांनी ‘फरदड’, म्हणजे हंगाम सरल्यावरचा हलका कापूस, म्हटलं. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतले निम्मे मॉलमध्ये भेटणारेच होते.

मॅनेजर शांतपणे उठला. “काकाजींच्या रॉचडेलप्रमाणेच जाऊ,” तो म्हणाला, “ज्याची जितकी खरेदी, तितका त्याच्या शब्दाला मान.” त्याने खातं उघडून वाचलं. काकाजींची वर्षाची खरेदी: एक काडेपेटी.

सभा हसली. काकाजींनी मात्र वही मागून घेतली, कागद चिमटीत धरून पाहिला आणि निकाल दिला, “हिशेब सुपर आहे.”

दुसऱ्या दिवशी ते खरंच पिशवी घेऊन भांडारात गेले. दोन किलो डाळ, किलोभर गूळ, तेल, चहा, अशी भरघोस यादी सांगितली. ताईंना भरून आलं. त्यांनी यादी संगणकात घातली आणि छापील बिल हातात दिलं.

“कार्बन कुठी आहे?”

“कार्बन संपला काकाजी. आता हेच.”

काकाजींनी बिल उन्हात धरलं, ताणून पाहिलं, परत काउंटरवर ठेवलं. “मंग मॉलनं काय वाईट केलं होतं?” असं म्हणून ते निघाले. जाता जाता दारात उभ्या असलेल्या नागपूरच्या पाहुण्याला मात्र त्यांनी चप्पल काढायला लावली.