एकटेच?

ठाण्याच्या एका पन्नाशीच्या गृहस्थांनी कळसूबाईला एकट्यानं जायचं ठरवलं, आणि पुढचा आठवडा 'एकटेच?' या एकाच प्रश्नाला तोंड देण्यात गेला. लेकीच्या 'एकटेच?'मध्ये काळजी होती, सोसायटीच्या वॉचमनच्या 'एकटेच?'मध्ये उघड संशय. पत्नीनं काहीच विचारलं नाही. तिनं चार माणसांना पुरतील एवढ्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून त्यांनी मंगळवारची रजा टाकली. मंगळवार देवीचा वार, हे ध्यानात आलं ते कसाऱ्याला उतरून घोटीच्या जीपमध्ये तेरावे म्हणून कोंबले गेल्यावर. शेजारच्या बाईंच्या मांडीवर ओटीचं सामान होतं आणि नारळ यांच्या बरगडीत.

अकोले तालुक्यातल्या बारी गावातून चढ सुरू होतो. उंची १६४६ मीटर, राज्यात सगळ्यात जास्त; म्हणून याला महाराष्ट्राचं एव्हरेस्ट म्हणतात. खऱ्या एव्हरेस्टच्या पाचव्या हिश्श्यालाही हे शिखर पोचत नाही, पण पहिल्या अर्ध्या तासात गृहस्थांच्या गुडघ्यांना हा फरक पटेना. वाटेत तीनदा लिंबूसरबत झालं. दर ग्लासामागे तोच प्रश्न.

सरबतवाल्या मावशींनी देवीची गोष्टही सांगितली. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली ती अट घालूनच: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एके दिवशी घरच्यांनी नेमकं तेच काम सांगितलं, तशी ती उठली, डोंगर चढली आणि परत आलीच नाही. रविवारच्या भांड्यांचे मानकरी असलेल्या गृहस्थांना ही अट फार समंजस वाटली. आपल्याला लग्नाच्या बैठकीत कशी सुचली नाही, एवढंच वाईट वाटलं.

मग लोखंडी शिड्या आल्या. कातळात ठोकलेल्या, उन्हानं तापलेल्या, पाय टाकला की टणटणणाऱ्या. मधोमध पोचल्यावर त्यांनी खाली पाहिलं. पाहायला नको होतं. दोन्ही हात कठड्याला, डोळे मिटलेले, घामानं चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तेवढ्यात वरून एक नऊवारीतल्या आजी उतरल्या. अनवाणी, एका हातात प्रसादाची पिशवी, दुसरा हात मोकळा. "सरक जरा, बाबा," म्हणाल्या. आणि बाजूनं जाता जाता, "एकलाच आला का रं?"

माथ्यावर छोटंसं देऊळ, समोर अलंग-मदन-कुलंग, खाली भंडारदऱ्याचं पाणी. देवळामागे अखेर एकांत मिळाला. डबा उघडला मात्र, तीन माकडं पंगतीला हजर. दोन दशम्या यांच्या वाट्याला आल्या.

उतरताना विहिरीपाशी ते सवयीनं थांबले. बाटलीतलं पाणी घालून, बोटांनी डब्याच्या कडेची चटणी सोडवायला लागले. अर्धा डबा झाला आणि एकाएकी हात थांबला. त्यांनी शिखराकडे पाहिलं, झाकण लावलं आणि डबा तसाच खरकटा सॅकमध्ये कोंबला.